स्विमिंग पूलमधला दिवा बदलताना आम्ही कसे फसलो

चेंबूरच्या आमच्या जुन्या बंगल्यामागे छोटासा स्विमिंग पूल आहे, आठ मीटर बाय चार. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्या रोज संध्याकाळी पाण्यात चालतात. जुलैमध्ये पाण्याखालचा दिवा आधी लुकलुकला आणि मग बंदच पडला. अंधारात त्यांना पाण्यात उतरवायचं नाही, म्हणून मी घाईघाईत फोनवर शोधून एकाला बोलावलं. काय विचारायला हवं होतं हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहिते आहे.

तो आला, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, पूल पूर्ण रिकामा केल्याशिवाय हात लावता येणार नाही." मी विश्वास ठेवला. जवळजवळ ३८ हजार लिटर पाणी गटारात गेलं आणि पुन्हा भरायला १० हजार लिटरचे चार टँकर मागवले. टँकरवालाही त्यानेच आणला होता. 'इम्पोर्टेड एलईडी', मजुरी आणि टँकर मिळून ४६,५०० रुपये घेतले. पावती मागितली तर वहीचं पान फाडून 'लाइट रिपेअर' एवढंच लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी मीटरजवळचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की ती तोडणारा खटका, पडायला लागला. वर केला की पुन्हा खाली. त्याला बोलावलं तर म्हणाला, "पावसाळ्यात हे असंच होतं, तुमचा आरसीसीबी फार नाजूक आहे." दहा मिनिटं पॅनेल उघडून काहीतरी केलं आणि वर ८०० रुपये घेतले. त्यानंतर आरसीसीबी पडणं थांबलं. मला बरं वाटलं. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

त्याच आठवड्यात माझी नऊ वर्षांची मुलगी पाण्यातून वर येताना ओरडली, "आई, शिडी चावते!" स्टीलच्या शिडीला हात लावला की तिला झिणझिण्या येत होत्या. सासूबाई अजून पाण्यातच होत्या. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला आणि मगच त्यांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी परवाना असलेले, दिराच्या ओळखीचे इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं. खटका खाली पडला, पण पूलच्या लाइनमध्ये वीज होतीच. त्या माणसाने आरसीसीबीला बगल देऊन बाहेरून येणाऱ्या मेन लाइनवरून पूलला थेट वायर ओढली होती. ३० मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडायची, एवढ्यासाठीच ते यंत्र बसवलेलं असतं. त्याने दोष शोधला नाही, दोष सांगणारं यंत्रच बाजूला काढलं. पैशांच्या लुबाडणुकीपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

पुढे आणखी निघालं. आमचा मूळ दिवा १२ व्होल्टचा होता आणि त्यासाठी पंपाच्या खोलीत २३० व्होल्टची वीज १२ वर आणणारा ट्रान्सफॉर्मर बसवलेला होता. ट्रान्सफॉर्मर जागेवर नव्हता. तो काढून नेऊन या माणसाने सरळ २३० व्होल्टचा दिवा लावला होता. दिव्यामागच्या खोबणीत वायरचा जोड होता, त्यावर नुसती काळी टेप. ती खोबण पाण्याने भरलेलीच असते, कारण दिवा थंड राहायला पाणी लागतं. म्हणजे जोड चोवीस तास पाण्यात.

आणि पूल रिकामा करायची गरजच नव्हती. बहुतेक पूलमध्ये दिव्यामागे वायरचं जादा वेटोळं ठेवलेलं असतं. वीज बंद करायची, वरचा एक स्क्रू काढायचा, दिवा ओढून काठावर आणायचा आणि कोरड्यावर बदलायचा. इलेक्ट्रिशियननी माझ्यासमोर तसाच बाहेर काढला, पाण्याचा थेंबही उपसला नाही. "वहिनी, भर पावसात पूल रिकामा करू नका," तेच म्हणाले. जमिनीत पाणी चढलेलं असताना रिकाम्या पूलला खालून दाब येतो आणि तळ उचलला जाऊन फुटू शकतो.

त्यांनी टेप लावलेला जोड काढून टाकला, वरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत अखंड नवी केबल ओढली, १२ व्होल्टचा आयपी ६८ (पाण्यात बुडून राहिला तरी चालणारा) दिवा, नवं रबर गॅस्केट, नवा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि आरसीसीबी पुन्हा लाइनमध्ये घेतला. सगळं मिळून १७ हजार. आधी यांनाच बोलावलं असतं तर ट्रान्सफॉर्मर आणि केबलचा खर्चही वाचला असता.

तुमच्याकडे असं काम निघालं तर त्या माणसाचा परवाना बघा आणि जुना दिवा व ट्रान्सफॉर्मर घराबाहेर जाऊ देऊ नका. बिलावर व्होल्टेज आणि सामानाचं नाव लिहून घ्या. काम झालं की त्याच्या समोर टेस्टचं बटण दाबा आणि पूलची वीज खरंच जाते का ते बघा, पाण्यात उतरण्याआधी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मी तक्रार नोंदवली आहे. हातात ते वहीचं पान, ऑनलाइन पैसे दिल्याच्या नोंदी आणि उघड्या पॅनेलचे फोटो आहेत. त्या माणसाला ट्रान्सफॉर्मर परत कर म्हणून तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा 'दुकानात आहे, आणून देतो' म्हणाला. आता उचलत नाही.