लाकडी धड रंगवायचं: ऑइल रंग की डिकल?

१/७२ मापाचं अल्बट्रॉस डी.५ विमानाचं मॉडेल हातात आहे आणि धडाचं लाकूड ऑइल रंगाने दाखवायचं की डिकलने (लाकडाच्या रेषा छापलेला, पाण्यात भिजवून चिकटवायचा पातळ पापुद्रा) ते ठरत नाही, तर आधी मूळ विमान आठवा. १९१७च्या या जर्मन लढाऊ विमानाचं धड वार्निश केलेल्या प्लायवुडच्या तुकड्यांचं होतं.

खर्चात ऑइल रंग सरस. फिकट पिवळसर अॅक्रिलिकच्या थरावर बर्न्ट अंबर किंवा सिएना हा तपकिरी ऑइल रंग अगदी पातळ लावून जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढायचा. एक ट्यूब कितीतरी मॉडेलांना पुरते. डिकल दर मॉडेलला नवं लागतं.

वेळेत डिकल पुढे. ऑइल वाळायला काही दिवस जातात.

खरा फरक दिसण्यात. या मापात लाकडाच्या रेषा जेमतेम जाणवाव्यात. डिकलवरच्या रेषा बऱ्याचदा जाड वाटतात, शिवाय नाकाच्या गोलाईवर सुरकुत्या पडतात, डिकल मऊ करणारा द्रव, म्हणजे सॉफ्टनर, लावावाच लागतो. ऑइलमध्ये मास्किंग टेप लावून प्रत्येक तुकड्याची छटा थोडी बदलता येते, आणि तिथेच प्लायवुड जिवंत होतं!

टिकाऊपणा सारखाच, वर पारदर्शक संरक्षक थर, म्हणजे क्लिअर कोट, हवाच.

एकच मॉडेल लवकर संपवायचं असेल तर डिकल घ्या. पहिल्या महायुद्धातली विमानं पुढेही करायची असतील तर ऑइलच शिका.