अकॅडमीच्या पोरांच्या सामन्याचं तिकीट: नऊ हंगाम आणि एक निळी वही

मँचेस्टरला आमच्याकडे पाहुणे यायचे ठरले की पहिला प्रश्न असतो, "ओल्ड ट्रॅफर्डचं तिकीट मिळेल का?" ओल्ड ट्रॅफर्ड म्हणजे मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचं मैदान. तिथे पहिल्या, म्हणजे मुख्य संघाचं तिकीट मेंबरशिपशिवाय मिळणं अवघड. मिळालं तरी चौघांच्या कुटुंबाच्या खिशाला ते झेपेलच असं नाही. मी त्यांना दुसरंच तिकीट सुचवते: युनायटेडच्या अकॅडमीत, म्हणजे क्लबच्या स्वतःच्या प्रशिक्षण शाळेत घडलेल्या पोरांच्या एकवीस वर्षांखालच्या संघाचा सामना, नाहीतर अठरा वर्षांखालच्यांच्या एफए यूथ कप स्पर्धेचा. २०१६-१७ च्या हंगामापासून हे तिकीट मी स्वतःच्या पैशाने काढत आले आहे. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, त्यामुळे जे पाहिलं ते नोंदवून ठेवायची सवय हाताला लागलेली. पहिल्या सामन्यापासून एक निळी वही सोबत असते. चार रकाने: नाव, पाठीवरचा नंबर, मी पहिल्यांदा पाहिल्याची तारीख, आणि शेवटी पहिल्या संघातलं पदार्पण.

एकवीस वर्षांखालच्या संघाचे बरेच घरचे सामने ओल्ड ट्रॅफर्डवर नसतात, ते ली (Leigh) या मँचेस्टरजवळच्या गावात होतात. तिथे रेल्वे स्टेशन नाही. मँचेस्टरहून व्ही-१ ची बस पकडायची. ती सॅलफर्ड ओलांडलं की मधेच तिच्या स्वतंत्र काँक्रीटच्या मार्गावर चढते आणि मग सिग्नलचा त्रास नाही. लीच्या बस स्टेशनपासून पुढे चालत. मैदान खरं तर रग्बी लीगचं, बारा हजारांच्या आसपास क्षमता, त्यामुळे कुठेही बसलात तरी खेळ हाताशी. तिकीट पहिल्या संघाच्या तिकिटापुढे किरकोळ.

तुम्ही टीव्हीवर फुटबॉल पाहत असाल, तर इथे पहिला फरक कानाला जाणवतो. मोठ्या सामन्यात गर्दीच्या आवाजाखाली जे दबून जातं, ते सगळं इथे ऐकू येतं. सतरा वर्षांचा सेंटर-बॅक घोगऱ्या आवाजात आपल्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या फुलबॅकला ओरडतो, "मागे! मागे!" चेंडू बुटावर नीट बसला की थप्प असा आवाज येतो, चुकला की वेगळाच. प्रशिक्षक दर दोन मिनिटांनी एकाच पोराचं नाव घेऊन "वळून बघ" म्हणत असतो. चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे बघायचं, एवढंच. नव्वद मिनिटं तेवढं एक पाहिलं, तरी कोण पुढे जाईल याचा थोडा अंदाज येतो.

माझ्यासोबत शेजारचे आजोबा असतात. १९६४ सालची यूथ कपची फायनल त्यांनी लहानपणी वडिलांच्या खांद्याला धरून ओल्ड ट्रॅफर्डवर पाहिली होती. समोर स्विंडन, आणि युनायटेडकडून जॉर्ज बेस्ट. मला सामन्यांना न्यायची सुरुवात त्यांनीच केली. मी वहीत लिहीत असते तेव्हा ते म्हणतात, "लव्ह, नाव लिहून ठेव, पण जीव लावू नकोस." पोरांना जीव ते माझ्यापेक्षा जास्त लावतात.

या तिकिटाची किंमत करायची तर वहीतली दोन पानं उघडावी लागतील.

पहिलं पान २१ मे २०१७ चं. हंगामाचा शेवटचा लीगचा सामना, ओल्ड ट्रॅफर्डवर, समोर क्रिस्टल पॅलेस. तीन दिवसांनी स्टॉकहोमला आयाक्सविरुद्ध युरोपा लीगची फायनल होती, म्हणून तेव्हाचे मॅनेजर मुरिन्यो यांनी नेहमीचे बरेच खेळाडू राखून ठेवले आणि पोरांना उतरवलं. जॉश हॅरॉप हे नाव माझ्या वहीत आधीपासून होतं. त्याचं हे पदार्पण, आणि पहिल्या अर्ध्यातच त्याने आत वळून असा गोल मारला की आजोबा उभेच राहिले. सामना २-० असा जिंकला. शेवटच्या मिनिटांत वेन रूनी बाहेर आला आणि त्याच्या जागी सोळा वर्षांचा एंजेल गोमेस आत गेला, २००० साली किंवा त्यानंतर जन्मून प्रीमियर लीगमध्ये खेळलेला पहिला खेळाडू. मधल्या फळीत स्कॉट मॅकटॉमिने होता. त्याचं पदार्पण दोन आठवड्यांपूर्वी आर्सेनलविरुद्ध झालं होतं, सुरुवातीच्या अकरात मात्र तो पहिल्यांदाच होता.

घरी येऊन मी हॅरॉप आणि गोमेसच्या पदार्पणाचे रकाने भरले. फार आनंदात होते.

त्याच उन्हाळ्यात हॅरॉप प्रेस्टनला गेला. युनायटेडसाठी एक सामना, एक गोल, पुढे काही नाही. गोमेस २०२० मध्ये फ्रान्समध्ये लीलला गेला, तिथे घडला आणि २०२४ मध्ये इंग्लंडकडून खेळला. मॅकटॉमिने मात्र राहिला, अडीचशेच्या वर सामने खेळला. एकाच दुपारी तिघं एका संघात खेळले आणि तिघांच्या वाटा इतक्या वेगळ्या. त्या दिवसापासून वहीत मी पाचवा रकाना आखला: "दुसरा सामना." माझ्या मते तिथूनच खरी गोष्ट सुरू होते. निकालाचा भार नसलेल्या दिवशी पोराला उतरवणं सोपं आहे. त्याच पोराला जानेवारीच्या पावसात, बाहेरच्या मैदानावर, गुणांची गरज असताना पुन्हा उतरवणं, याला मी संधी म्हणते.

दुसरं पान ११ मे २०२२ चं, आणि हे पान मी पाहुण्यांना दाखवतेच. यूथ कपची फायनल, नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध, ओल्ड ट्रॅफर्डवर. अठरा वर्षांखालच्या पोरांचा सामना आणि प्रेक्षक ६७,४९२! या स्पर्धेच्या फायनलला एवढी गर्दी आधी कधीच झाली नव्हती. कामावरून सुटलेली माणसं गणवेशात, शाळेची पोरं, कडेवरची बाळं. पहिल्या संघाचा तो हंगाम फार वाईट गेला होता आणि लोक जणू आपलं काहीतरी परत शोधायला आले होते. ऱ्हीस बेनेटने डोक्याने पहिला गोल केला, फॉरेस्टने मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी साधली, मग अलेहांद्रो गार्नाचोने पेनल्टीवर एक आणि अगदी शेवटी आणखी एक मारला. ३-१.

माझं लक्ष मात्र मधल्या फळीतल्या स्टॉकपोर्टच्या सतरा वर्षांच्या मुलावर होतं, कोबी मेनूवर. फॉरेस्टचा खेळाडू पाठीवर चढून आलेला असताना तो चेंडू घ्यायचा, घाईने परत मागे द्यायचा नाही, क्षणभर थांबायचा आणि खांदा झुकवून दुसऱ्याच बाजूने निघून जायचा. वहीत लिहिलं आहे, "घाबरत नाही. थांबतो."

त्यानंतर दीड वर्ष वाट पाहिली. २०२३ च्या उन्हाळ्यात पहिल्या संघात त्याची जागा होतेय असं वाटत असतानाच अमेरिकेच्या दौऱ्यात रेआल माद्रिदविरुद्ध त्याला दुखापत झाली. मग २६ नोव्हेंबर २०२३, एव्हर्टनचं मैदान गुडिसन पार्क. एव्हर्टनचे दहा गुण नुकतेच कापले गेले होते आणि सगळं मैदान पेटलेलं. अशा जागी तेव्हाचे मॅनेजर टेन हाग यांनी अठरा वर्षांच्या पोराला लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीच्या अकरात घेतलं. गार्नाचोचा तो उलटा हवेत मारलेला गोल सगळ्यांना आठवतो. मला मेनूने गोलरेषेवरून बाहेर काढलेला चेंडू आठवतो. पुढे फेब्रुवारीत वुल्व्ह्जविरुद्ध भरपाईच्या वेळेत त्याने ४-३ चा विजयी गोल केला. २५ मे २०२४ ला वेम्बलीवर एफए कपची फायनल, समोर मँचेस्टर सिटी, निकाल २-१. दोन्ही गोल कुणाचे? गार्नाचो आणि मेनू. त्या बुधवारच्या संध्याकाळी मी ज्यांना पोरांच्या सामन्यात पाहिलं होतं, ते दोघं. आजोबांनी टीव्हीसमोर माझी वही मागून घेतली आणि त्या दोन नावांखाली स्वतःच्या हाताने रेघ मारली.

या तिकिटाचं मोल एवढं आहे. पण ते सर्वस्वी पोरांच्या हातात नाही, म्हणून पुढचंही सांगायला हवं.

दार बहुतेक वेळा नाइलाजाने उघडतं. २०१६ च्या फेब्रुवारीत मिट्युलँडविरुद्ध सराव करताना मार्शियल दुखावला, म्हणून अठरा वर्षांच्या मार्कस रॅशफर्डला खेळवलं. त्याने दोन गोल केले आणि तीन दिवसांनी आर्सेनलविरुद्ध आणखी दोन. मार्शियल धडधाकट असता तर? चेल्सीने २०१४ ते २०१८ सलग पाच वेळा यूथ कप जिंकला, तरी ती पोरं वर्षानुवर्षं दुसऱ्या क्लबांकडे लोनवर, म्हणजे उसनी, फिरत होती. २०१९ मध्ये खेळाडू विकत घ्यायला बंदी आली आणि तेव्हाचे मॅनेजर लॅम्पार्ड यांनी माउंट, रीस जेम्स, एब्रहॅम, टोमोरी यांना खेळवलं. माउंट आणि जेम्स २०२१ ची चॅम्पियन्स लीग फायनल जिंकणाऱ्या अकरात होते. गुण आधीही होतेच. उतरवायला कुणी तयार नव्हतं.

मॅनेजरची भीती मला कळते. चार सामने हरले की नोकरी जाते, आणि पोराच्या चुकीसाठी कुणी थांबत नाही. मला जास्त खुपतो तो हिशेब. समजा ५० मिलियन पौंडांना पाच वर्षांच्या करारावर खेळाडू आणला. क्लबच्या वहीत दरवर्षी १० मिलियन खर्च पडतो. दोन वर्षांनी विकला तर त्याची ३० मिलियन किंमत अजून वहीत उरलेली असते, आणि त्यावर जे मिळेल तेवढाच नफा. अकॅडमीतून आलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य, म्हणून त्याला विकून आलेला पैसा जवळजवळ सगळाच नफा. तोट्याला मर्यादा घालणारे नियम कडक झाले आणि घरचं पोरगं विकणं सगळ्यात सोयीचं होऊन बसलं. २०२४ मध्ये न्यूकॅसलने एलियट अँडरसन फॉरेस्टला दिला तो याच ओढाताणीत. त्याच वर्षी मॅकटॉमिने नापोलीला गेला, आणि पहिल्याच हंगामात तिथे सेरी आ ही इटलीची लीग जिंकून तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझ्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी त्याच्या नावापुढे आहेत. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

आणि उघडलेलं दार पुन्हा बंदही होतं. २०२५ च्या शरदात हाच मेनू लीगमध्ये आठवड्यामागून आठवडा बेंचवर बसून होता.

शेजारच्या पंक्तीत काय वाढलंय तेही बघावं. आर्सेनलमध्ये मॅनेजर आर्टेटा यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध एथन न्वानेरीला १५ वर्षं १८१ दिवसांच्या वयात शेवटच्या क्षणांत आत पाठवलं. लोकांना ती हौस वाटली. पण दोन वर्षांनी तो नियमित खेळत होता, आणि त्याच्याच पिढीतला माइल्स लुईस-स्केली फेब्रुवारी २०२५ मध्ये सिटीविरुद्धच्या ५-१ च्या विजयात सुरुवातीपासून खेळला आणि गोलही केला. तिथे पाचवा रकाना भरतोय. युनायटेडची परंपराही लहान नाही: ३० ऑक्टोबर १९३७ पासून प्रत्येक सामन्याच्या संघात अकॅडमीतून आलेला किमान एक खेळाडू आहे, आणि डिसेंबर २०१९ मध्ये अशा सामन्यांचा आकडा ४,००० वर गेला. मला त्याचा अभिमान आहे. फक्त बेंचवरच्या नावानेही ही परंपरा टिकते, आणि त्यावर आपण समाधान मानू नये असं मला मनापासून वाटतं.

आता उणिवा. सामन्यांच्या तारखा बदलतात, कधीकधी अगदी आदल्या दिवशी. एका मैदानावर, नाव लिहीत नाही, आम्ही दोन बस बदलून पोचलो तर गेटवर सामना दुपारीच रद्द झाल्याचा कागद चिकटवलेला होता, आणि त्र्याहत्तर वर्षांचे आजोबा पाऊण तास थंडीत परतीच्या बसची वाट बघत उभे. आणि जे पोर बघायला म्हणून जाल, ते नेमकं त्या दिवशी नसेल. पहिल्या संघाने सरावाला बोलावलं असेल, लोनवर गेलं असेल. २०२२ च्या त्या संघातला इसाक हान्सन-ओरेन २०२३ मध्ये ब्रेमेनला गेला. डॅन गोर पहिल्या संघात पोचला आणि मग लोनवर गेला. नावासाठी तिकीट काढू नका.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो त्या रद्द झालेल्या संध्याकाळचा. लहान मुलं असतील तर यूथ कपच्या ओल्ड ट्रॅफर्डवरच्या सामन्याची वाट बघा. खेळ जवळून बघायचा असेल तर लीला जा आणि मधल्या रेषेच्या जवळ, सातव्या-आठव्या रांगेत बसा. तिथून बेंचवरचं बोलणंही ऐकू येतं. सामना संपल्यावर लगेच उठू नका. पोरं कुंपणाजवळ येतात आणि घरच्यांशी बोलतात. एकदा एका गोलकीपरची आई त्याचा हातमोजा काढून बोट सुजलंय का ते तपासत होती, आणि तो लाजून इकडेतिकडे बघत होता. त्याचं नाव वहीत आहे, रकाने अजून मोकळे आहेत.

फेब्रुवारीत जाणार असाल तर गरम चहाचा थर्मास आणि मांडीवर घ्यायला शाल हवीच. वही नेणार असाल तर पेन्सिल न्या, लीच्या थंडीत बॉलपेन चालत नाही.