अमोनियायुक्त सांडपाणी: एरेशनची टाकी घ्यावी की शैवाल-जिवाणूंचे तळे?

बायोगॅस संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या, अमोनियाने गच्च भरलेल्या पाण्यासाठी मी दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या आहेत आणि माझे मत त्या अनुभवावरच बेतलेले आहे.

एरेशनची टाकी, म्हणजे पाण्यात सतत हवा फुंकून जिवाणूंकडून अमोनियाचे नायट्रेट करून घेणारी टाकी, जागा कमी व्यापते आणि उन्हाची मिंधी नसते. ब्लोअरचे वीजबिल हा तिचा दोष सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र टोचला तो क्षारतेचा, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या क्षमतेचा, हिशोब. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे 7.14 ग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) खर्ची पडते. ऑक्सिजनचा मीटर समाधानकारक आकडा दाखवत असतो, डिफ्युझरमधून बुडबुडे नीट येत असतात आणि तरीही अमोनिया उतरत नाही, कारण सामू (pH) साडेसहाच्या खाली घसरलेला असतो आणि नायट्रीकरण करणारे जिवाणू सुस्तावलेले असतात. मग सोडा घाला. पुढे नायट्रेटचा नायट्रोजन वायू करायचा, तर अर्धी क्षारता परत मिळते खरी, पण ते काम करणाऱ्या जिवाणूंना लागणारा कार्बन पाण्यात पुरेसा नसतो, म्हणून मिथेनॉल घाला. या रोजच्या घालाघालीला मी कंटाळलो.

तळ्यात जिवाणू सामू खाली ओढतात, तर प्रकाशात कार्बन डायऑक्साइड शोषणारे शैवाल तो वर उचलते. शिवाय ऑक्सिजन पुरवते आणि थोडा नायट्रोजन स्वतःच्या पेशींत साठवते. अर्थात भर दुपारी पारडे उलट्या बाजूला झुकते. सामू 9.25 झाला की 25 अंश सेल्सिअसला निम्मे अमोनियम मुक्त अमोनियाच्या रूपात येते, त्यातील काही हवेत उडून जाते आणि उरलेले शैवालालाच बाधते. बायोगॅस शुद्ध करताना निघणारा कार्बन डायऑक्साइड तळ्यात सोडल्यास हे बरेच आवरते. पाणी फार गडद असेल, तर पातळ करावे लागते, नाहीतर प्रकाश आत शिरत नाही.

शैवाल तळाशी बसत नाही, ही तक्रार अर्धीच खरी वाटते. नुसत्या शैवालाचे पाणी काचेच्या नळकांड्यात रात्रभर ठेवले तरी हिरवेच राहते. जिवाणूंसह गुठळ्या धरलेले आणि खाली बसलेला गाळ पुन्हा तळ्यात परतवून जोपासलेले मिश्रण मात्र माझ्याकडे थोड्याच वेळात निवळत असे.

जागा तोकडी असेल किंवा ऊन बेभरवशाचे असेल, तर टाकीच घेणे बहुधा शहाणपणाचे ठरेल. या दोन्ही अडचणी नसतील, तर मी तळ्याकडे झुकेन. फक्त सुरुवातीचे काही आठवडे पाणी पातळ करूनच सोडावे.