नागसेनवनाशेजारचं वाचन मंडळ: एसटीचं तिकीट वसूल

मी जालन्याहून जाते. छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद), नागसेनवनातल्या मिलिंद कॉलेजच्या परिसराजवळ, शिकवणीच्या एका रिकाम्या खोलीत हे मंडळ महिन्यातून एका रविवारी भरतं. कपाटात आपली दलित आत्मकथनं आणि अमेरिकेतल्या काळ्या लेखकांची पुस्तकं शेजारी-शेजारी. अनामत नाही, वहीत नाव लिहायचं अन् घरी न्यायचं.

मला पटला तो त्यांचा नियम: नवख्यानं आधी वाचायचं, प्राध्यापकांनी शेवटी बोलायचं. (बाकी ठिकाणी उलटं असतं, पोरींचा नंबर येईस्तोवर गाडी निघून जाते.)

गेल्या बैठकीत बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना लिहिलेलं पत्र वाचलं. तिकडच्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचून त्यांनी त्याच्या दोन-तीन प्रती मागितल्या होत्या. ड्यू बॉईस यांचं उत्तरही आलं. मग दलित पँथरनं १९७२ मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून नाव घेतलं, त्यावर अशी जुंपली की चहा गार झाला. तसा तो गोडमिट्टच असतो.

तक्रार एकच: कपाटात बायकांची पुस्तकं फार कमी. सांगितलंय. जिन्यात दिवा नाही, टॉर्च न्या.