टेरी की फर्डिनंड : स्टॉपरने जुन्या मॅच कोणाच्या बघाव्यात?

फुटबॉलमध्ये मागे, गोलसमोरच्या बचावात स्टॉपर म्हणून खेळणारी पोरं हे हमखास विचारतात. रात्री तासभरच मोकळा मिळतो, मग इंग्लंडच्या बचावपटूंपैकी चेल्सीचा जॉन टेरी बघू की मँचेस्टर युनायटेडचा रिओ फर्डिनंड? मी स्टॉपर म्हणून खेळायला लागलो तेव्हा टेरी निवडला होता आणि पुढचे तीन मोसम त्याच्याच नादात काढले.

टेरी बघताक्षणी कळतो. २००४-०५ मध्ये त्याच्या कप्तानीत चेल्सीने लीगच्या ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. २०१४-१५ ला, चौतिशीत, लीगमधलं एकही मिनिट न चुकवता पुन्हा विजेतेपद. प्रीमियर लीगमध्ये ४१ गोल, तेही बचावपटूचे! आणि २०१० च्या वर्ल्ड कपमधली स्लोव्हेनियाविरुद्धची मॅच : शॉट अडवायला हा माणूस डोकं पुढे करून जमिनीलगत सूर मारतो. ते बघून अंगावर काटा आला होता.

पण टेरीची नक्कल करायला गेलं की आपण आधी जमिनीवर जातो. इंग्लंडच्या ओल्या हिरवळीवर ते चालतं. आमचं मैदान मुरमाचं. उजव्या मांडीची कातडी सोलून निघायची, रात्री चादर जखमेला चिकटायची आणि सकाळी पाणी लावून ती सोडवावी लागायची. एक वेळ तेही सोसलं असतं. पण एका सेमीफायनलला मी घसरलो, त्यांच्या फॉरवर्डने बॉल नुसता बाजूला घेतला आणि मी उठेपर्यंत आमचा गोलकीपर एकटा उरला होता. टेरी स्वतः उठसूट घसरत नव्हता, जागा फार अचूक धरायचा. पण बघणाऱ्याच्या डोळ्यात भरतं ते सूर मारणंच, आणि पोरं तेच उचलतात. माझं तरी तसंच झालं.

त्यानंतर फर्डिनंडकडे वळलो. तो उभा राहतो. फॉरवर्ड अंगावर आला की दीड पाऊल मागे, शरीर तिरकं, गुडघे किंचित वाकलेले, आणि पाय टाकायची घाई नाही. समोरच्याचा टच जरा लांब गेला की बॉल याच्याकडे, आणि तो आंधळेपणाने उडवत नाही, मिडफिल्डला शांतपणे देतो. शेजारी त्याचा बचावातला जोडीदार विडिच बॉलवर झेपावणारा, हा मागची जागा राखणारा. युनायटेडकडून सहा लीग विजेतेपदं आली ती या सवयीवर, असं मला वाटतं.

त्याच्या बाजूने सगळंच आहे असं नाही. उत्तेजक चाचणी चुकवल्यामुळे २००४ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली, त्यात युरो कप गेला. २०१० चा वर्ल्ड कप गुडघ्याने नेला. शिवाय हायलाइट्समध्ये तो फारसा सापडत नाही, कारण कॅमेरा बॉलमागे पळतो आणि याचं काम बॉल यायच्या आधीच झालेलं असतं. पूर्ण मॅच बघायची तयारी हवी. तुमची उंची आणि हेडिंग दांडगं असेल, तर टेरीला नाही म्हणू नका.

सुरुवात २००८ च्या मॉस्कोतल्या चॅम्पियन्स लीग फायनलने करा, दोघेही त्यात कप्तान आहेत. जादा वेळेत युनायटेडच्या गिग्जचा शॉट टेरी डोक्याने बाहेर काढतो तो क्षण जरूर बघा. पेनल्टीला त्याचा पाय घसरला म्हणून त्या १२० मिनिटांचं मोल कमी होत नाही. मग तीच मॅच पुन्हा लावा, बॉल विसरा आणि युनायटेडच्या पाच नंबरच्या, म्हणजे फर्डिनंडच्या, पायांवरच नजर ठेवा.