सॅमसंग गॅलॅक्सी एम३५ ५जी : नागपूरचं ऊन, घरातला जुना चार्जर आणि बाकीचं

"भाऊ, घरचा ८० वॅटचा चार्जर लावला, तरी इतका स्लो काहून चार्ज होते?" नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या मोबाइलवाल्यांना या फोनचे मालक हमखास विचारतात असा हा प्रश्न. फोन बिघडलेला नसतो. चार्जरची आणि फोनची पत्रिका जुळलेली नसते, एवढंच.

एम३५ भारतात जुलै २०२४ मध्ये आला. ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेजच्या मॉडेलची तेव्हाची किंमत १९,९९९ रुपये होती. ६.६ इंची अमोलेड स्क्रीन, १२० हर्ट्झ, वर गोरिला ग्लास व्हिक्टस प्लस, आत एक्सिनॉस १३८० प्रोसेसर आणि ६००० एमएएचची बॅटरी. अँड्रॉइड १४ वर आलेल्या या फोनला चार मोठी अपडेट आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट देण्याचं कंपनीचं वचन आहे. या किमतीत तेव्हा असं वचन विरळाच होतं, आणि फोन घ्यायचं खरं कारणही तेच. वजन २२२ ग्रॅम. जाड कव्हर आणि काच चढवली की शर्टाचा खिसा लोंबायला लागतो.

खोक्यात फोन, दोन्हीकडे सी-टाइप टोक असलेली केबल आणि सिमची पिन. चार्जर नाही. मग माणूस घरातला जुना चार्जर शोधतो आणि तिथूनच तक्रार सुरू होते.

हा फोन जास्तीत जास्त २५ वॅट घेतो, तेही पीपीएस (म्हणजे फोनच्या गरजेप्रमाणे व्होल्ट कमी-जास्त करायची सोय) असलेल्या यूएसबी पॉवर डिलिव्हरी चार्जरवरूनच. ६७ आणि ८० वॅटचे बरेच चार्जर आपापल्या कंपनीच्या पद्धतीनेच पूर्ण ताकद देतात. दुसऱ्याचा फोन समोर आला की ते साध्या चार्जिंगवर उतरतात, वर कितीही मोठा आकडा छापलेला असू दे. म्हणून विकत घेताना चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. पीपीएस असं लिहिलेलं हवं आणि त्यापुढे ३.३ ते ११ व्होल्ट, २.२५ अँपिअर किंवा त्याहून जास्त. हे नसेल तर दुकानदार "सुपरफास्ट आहे" म्हणाला तरी पुढचं दुकान बघा. चार्जरला सी पोर्ट हवा. जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टवरून २५ वॅट मिळणार नाहीत.

घरी आल्यावर खात्री करणं सोपं आहे. चार्जर लावा आणि लॉक स्क्रीनवर काय येतं ते बघा. "सुपर फास्ट चार्जिंग" आलं तर २५ वॅट सुरू आहेत. "फास्ट चार्जिंग" म्हणजे साधारण १५. नुसतं "चार्जिंग" आलं तर रात्रभराची निश्चिंती. बरोबर चार्जर असूनही तिसरी पाटी दिसत असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरी, मग चार्जिंग सेटिंग्ज, आणि तिथली फास्ट चार्जिंग व सुपर फास्ट चार्जिंग ही दोन्ही बटणं तपासा. स्क्रीन सुरू ठेवून रील बघत बसलात तर वेग उतरतोच, त्यात चार्जरचा दोष नाही. एवढं सगळं जुळलं तरी रिकामी बॅटरी पूर्ण भरायला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. अर्ध्या तासात फुल होणारे फोन ज्यांनी वापरलेत, त्यांना हे खटकणार. त्यांनी दुसरीकडे बघावं.

आता उन्हाचं. सॅमसंग आपल्या फोनसाठी वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४५ ला टेकतो, म्हणजे दिवसाचा मोठा भाग फोन कंपनीने आखलेल्या रेषेबाहेरच काढतो. आत व्हेपर चेंबर आहे. ते प्रोसेसरची उष्णता पसरवतं, पण बाहेरची हवाच तापलेली असेल तर पसरवून ती जाणार कुठे?

दुपारी दुचाकीच्या हँडलवर होल्डरमध्ये फोन, त्यावर नकाशा, जीपीएस आणि मोबाइल डेटा सुरू, स्क्रीन पूर्ण उजेडावर, वरून थेट ऊन, आणि खाली गाडीचा यूएसबी चार्जर जोडलेला. उष्णतेची पाच कारणं एकत्र. वर्धा रोडने खापरीपर्यंत जाता जाता स्क्रीनचा उजेड आपोआप उतरतो आणि ऐन वळणावर नकाशा दिसेनासा होतो. त्यानंतर चार्जिंग थांबतं आणि बॅटरी गार होईपर्यंत थांबल्याची सूचना येते. हा बिघाड नाही, बॅटरी वाचवायची सोय आहे. तेव्हा आधी चार्जर काढा, कव्हर काढा, फोन सावलीत धरा. उन्हाळ्यात काही चौकांत सिग्नलवर हिरवी जाळी बांधतात, नकाशा बघायला तीही बरी. आवाजी सूचना इअरफोनवर घेऊन फोन खिशात ठेवणं सगळ्यात उत्तम. होल्डरचा आणखी एक तोटा लोक विसरतात. मुख्य कॅमेऱ्यात ओआयएस आहे, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग आत तरंगतं ठेवलेलं असतं. इंजिनाची सततची थरथर त्या नाजूक यंत्रणेला मानवत नाही.

तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका. आत दव धरतं. कूलरच्या झोतासमोर ठेवायची सवय तर घरोघरी असते, आणि तीही वाईटच, कारण ती हवा दमट. चार्जिंग पोर्टमध्ये ओल गेली की फोन थेंबाचं चिन्ह दाखवून चार्जिंग नाकारतो. अशा वेळी पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा आणि फोन पंख्याखाली तासभर कोरडा होऊ द्या. तांदळाच्या डब्यात पुरू नका, पोर्टमध्ये भुसा जातो. फोन कोरडा ठणठणीत असूनही सूचना हटत नसेल तर सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत सिस्टिम ॲप्स दाखवायला सांगा, यूएसबी सेटिंग्ज शोधा, त्यातल्या स्टोरेजमध्ये कॅश, म्हणजे साठलेल्या तात्पुरत्या फाइली, पुसा आणि फोन पुन्हा सुरू करा. या फोनला पाण्यापासून बचावाचं आयपी मानांकन नाही, तेव्हा पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी जवळ असू द्या.

बॅटरीचं आयुष्य वाढवायचं असेल तर बॅटरी प्रोटेक्शनमध्ये मॅक्सिमम निवडा. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल. ६००० एमएएचमधले ८० टक्के म्हणजे ४८०० एमएएच, साध्या वापराला दिवसभर पुरून उरतात. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा.

पहिल्याच दिवशी करायची एक साफसफाई आहे, आणि ती टाळली तर चांगला फोनही भंगार वाटतो. सुरुवातीच्या मांडणीत ढीगभर ॲप्स "शिफारस" म्हणून पुढे येतात, त्या सगळ्या खुणा काढून टाका. कस्टमायझेशन सर्व्हिसला (तुमच्या वापरावरून जाहिराती दाखवणारी सेवा) होकार देऊ नका. मग ॲप्सच्या यादीत ॲपक्लाउड (नवी ॲप्स सुचवत राहणारं ॲप) दिसलं तर ते डिसेबल करा. लॉक स्क्रीनवर रोज नव्या चित्रासोबत बातम्या-जाहिराती येत असतील तर लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये वॉलपेपर सर्व्हिसेस "नन" वर न्या. दहा मिनिटांचं काम.

उलट बाजूही आहे. हा फोन न वापरलेल्या ॲप्सना स्वतःहून झोपवतो आणि मग ऑफिसच्या मेलची किंवा शाळेच्या ॲपची सूचना दुपारची संध्याकाळी येते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये बॅकग्राउंड युसेज लिमिट्स उघडा आणि महत्त्वाची ॲप्स "नेव्हर ऑटो स्लीपिंग" यादीत टाका.

जुन्या फोनमधला माल आणायला सॅमसंगचं स्मार्ट स्विच ॲप चांगलं चालतं, केबल जोडून केलं तर आणखी लवकर. व्हॉट्सॲपच्या गप्पा मात्र व्हॉट्सॲपमधूनच हलवा. गूगलवर बॅकअप घेणार असाल तर तो आता मोफत १५ जीबीतच मोजला जातो, जागा आधी बघा. यूपीआय नव्याने जोडताना बँकेशी जोडलेलं सिम याच फोनमध्ये हवं आणि त्यावरून एसएमएस जाण्याइतका रिचार्ज हवा. दोन सिम असतील तर बरोबर सिम निवडा, अर्ध्या वेळा गाडं इथेच अडतं. नव्या फोनवर पहिले २४ तास बहुतेक बँका ५,००० रुपयांची मर्यादा ठेवतात. म्हणून घरभाडं किंवा शाळेची फी भरायच्या दिवशी फोन बदलू नका.

नेटवर्क ठीक. जाड भिंतींच्या जुन्या घरांत किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये ५जी आणि ४जीची ये-जा सुरू होते आणि बॅटरी उतरते. दिवसभर तिथेच बसणाऱ्याने नेटवर्क मोड एलटीईवर, म्हणजे ४जीवर, ठेवावा.

कॅमेऱ्यात ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेराच कामाचा. ८ मेगापिक्सेलचा वाइड दिवसा चालतो. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो संख्या वाढवायला बसवलाय. मुख्य कॅमेरा एरवी चार बिंदूंचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, आणि संध्याकाळी फुटाळा तलावावर तोच मोड बरा, ५० च्या मोडपेक्षा स्वच्छ येतो. रंग मात्र जरा भडक. तर्री पोह्याचा फोटो घ्या: तर्री आहे त्यापेक्षा लाल दिसते, वर तरंगणारं तेल चकाकतं आणि पोह्यांचा पिवळा रंग केशरीकडे झुकतो. खरा रंग हवा असेल तर सीन ऑप्टिमायझर (दृश्य ओळखून रंग आपोआप बदलणारी सोय) बंद करा आणि प्लेटवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रोजची कामं अडत नाहीत, जड गेम मधल्या ग्राफिक्सवर खेळावेत. शक्य असेल तर ८ जीबी रॅमचं मॉडेल घ्या. रॅम प्लस म्हणजे स्टोरेजचा तुकडा रॅम म्हणून वापरणं, त्याने ६ चे ८ होत नाहीत. कॉल रेकॉर्डिंग फोनच्या स्वतःच्या डायलरमध्ये आहे आणि समोरच्याला घोषणा ऐकू जात नाही, अनेक जण त्यासाठीच सॅमसंग घेतात. इअरफोनचं गोल भोक नाही. दुसरं सिम आणि मेमरी कार्ड यांना जागा एकच, दोन सिम लागत असतील तर २५६ जीबी बघा. बोटाचा ठसा बाजूच्या बटणावर आहे. उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधून फिरणाऱ्यांना चेहरा दाखवून फोन उघडता येत नाही, त्यांना हे बटण सोयीचं. घामेजल्या बोटाला ते दाद देत नाही, म्हणून एकच अंगठा दोनदा नोंदवा: एकदा कोरडा, एकदा किंचित ओलसर.

खोकं काउंटरवरच उघडा. *#०६# लावून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा आणि खोक्यावरच्या व बिलावरच्या आकड्याशी ताडा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की त्या आकड्याची सरकारी नोंद कळते. मग *#०*# लावा, तपासणीची पाटी उघडेल. लाल, हिरवा, निळा एकेक दाबून पूर्ण स्क्रीनवर डाग किंवा रेघ शोधा, टच निवडून बोटाने सगळे चौकोन भरा, स्पीकर वाजवून घ्या. टेम्पर्ड ग्लास त्यानंतर लावायला सांगा, आधी नाही. स्क्रीन सपाट आहे, तेव्हा गोंदवाल्या महागड्या काचेची गरज नाही. काच लावल्यावर डिस्प्लेमधली टच सेन्सिटिव्हिटी सुरू करून घ्या.