स्विस ऑटोमॅटिक, जळगावचा मे महिना आणि ते लॉक

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात, ती सोडतो. या घड्याळाच्या चेनच्या लॉकबद्दल बोलू. दोन पाकळ्यांचं बटरफ्लाय लॉक, बंद केल्यावर सांधाही दिसत नाही. शोरूममध्ये त्याचंच कौतुक ऐकवतात. बारीक ॲडजस्टमेंट मात्र नाही. थंडीत चेन झकास बसली होती. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला, मनगट फुगलं आणि चेन रुतायला लागली. एक कडी वाढवली तर घड्याळ बांगडीसारखं फिरतं. संध्याकाळी काढलं की कातडीवर कड्यांचे वळ. वडिलांच्या एचएमटीच्या पत्र्याच्या लॉकला भोकं आहेत. टाचणीनं पिन सरकवली की काम झालं.

अर्धी कडी मागितली तर शोरूमवाले म्हणाले, या मॉडेलला येत नाही, लॉक बदलायचं तर मुंबईला पाठवावं लागेल. खर्च ऐकला. तेवढ्यात एक नवं टायटन आलं असतं!

मग जास्तीचे पैसे कशाचे? वेळेचे तर नक्कीच नाहीत. क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेचं, स्विस प्रमाणपत्र असलेल्या ऑटोमॅटिकलाही दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंद माफ असतात. बॅटरीवरचं साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधराएक सेकंद चुकतं. 1969 साली सेइकोनं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं, तेव्हाच तो वाद मिटला. उरतं नाव. वेब्लेन या अर्थशास्त्रज्ञानं 1899 मध्येच लिहून ठेवलंय की काही खर्च लोकांना दिसावा म्हणूनच होतो. पण बघणाऱ्याला नाव कळायला हवं ना! पाचोऱ्याच्या लग्नात मावसभावानं विचारलं, ‘कितलाले लिधं?’ आकडा ऐकून त्यानं तिथल्या तिथे तोळ्यांचा हिशोब केला. त्याचंही खरंच आहे. सराफ घडणावळ कापतो, पण सोन्याचा भाव देतो.

इथवर लिहिलं तेव्हा दोन स्टार ठरले होते. मग पाऊस लागला, मनगट उतरलं, घड्याळ पुन्हा हातात आलं. सेकंदाला आठ ठोके, त्यामुळे सेकंदकाटा उड्या न मारता सरकतो. मागच्या काचेतून रोटर, म्हणजे हात हलला की फिरून चावी देणारं वजन, डुलताना दिसतो. रात्री लाईट गेली की टॉर्च लावून तेच बघत बसतो. हे लग्नात कुणाला दिसत नाही, आणि मला तेच सगळ्यात आवडतं.

तीन स्टार. विकणार नाही. पेटी, कार्ड, बिल सगळं दाखवल्यावर जुन्या बाजारातून जो भाव आला, तो ऐकून तर अजिबातच नाही.